वासरू काय बोललं

भवानी पेठेत धोंडप्पा गवळ्याचा विषय निघाला की लोक आधी त्याच्या मिशांबद्दल बोलायचे, मग दुधाबद्दल आणि शेवटी वासराबद्दल. मिशा झुबकेदार होत्या, दूध रतिबाच्या घरी तरी बिनपाण्याचं जायचं, आणि वासराचा मान त्याच्या घरात आज्यापासून चालत आला होता. हा मान म्हणजे काय भानगड, ते आधी सांगून टाकलेलं बरं.

पेठेच्या मागच्या बोळात एक बारका मठ आहे. लोक त्याला चिक्कमठ म्हणतात. कानडीत चिक्क म्हणजे लहान, आणि हा मठ खरोखरच एवढा लहान की पुजारी आत बसला तर देव दिसायचा नाही. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरते. करिदिनाला संध्याकाळी होम मैदानावर शोभेची दारू उडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या चिक्कमठापुढं वासराची भाकणूक व्हायची. वासराला आदल्या दुपारपासून उपाशी ठेवायचं. सकाळी अंघोळ घालून मठापुढच्या फरशीवर उभं करायचं, पुढ्यात कडबा, गाजरं, बोरं, ज्वारी आणि घमेल्यात पाणी मांडायचं, आणि बघत राहायचं. वासरू मुतलं की पाऊस चांगला. ज्या जिनसेला तोंड लावील ती महागणार. अंग कापलं तर वर्ष धास्तीचं, आणि बसकण मारली तर कोरडं. हे सगळं बघून सांगायचं काम ईश्वरप्पांचं. ते सुताचे व्यापारी, पेठेतले वडीलधारे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. आणि वासरू मात्र धोंडप्पाच्या गोठ्यातलं, दावं धोंडप्पाच्याच हातात.

एका वासराच्या मुतण्यावर सगळ्या पेठेचं वर्ष ठरायचं. हसायला येतं खरं, पण हसणाऱ्यांनी आपली वर्षं कशावर ठरवली ते जरा आठवून बघावं. पेठेतले लोक वासराला विचारून लग्नाच्या तारखा धरत, माल भरत, घराला पत्रे घालत. आणि धोंडप्पा त्या एका सकाळी फेटा बांधून असा उभा राहायचा की पाऊस जणू त्याच्याच खिशात आहे.

बहात्तर सालचं वासरू कपिली गाईचं होतं. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, आणि भारी लबाड. मठाच्या वासराला नाव ठेवायचं नाही अशी रीत, त्यामुळं ते नुसतं वासरूच राहिलं. नाव नसूनही धोंडप्पाचा आवाज आला की कान टवकारायचं आणि जवळ आल्यावर त्याच्या धोतराचा सोगा चघळत बसायचं. धोंडप्पाच्या दोन्ही लेकी लग्न होऊन वळसंगाकडं गेल्या होत्या. घरात तो आणि रत्नम्मा, गोठ्यात तीन गाई, तीन म्हशी आणि हे वासरू. रत्नम्मा म्हणायची की माझ्याशी बोलत नाही एवढं वासराशी बोलता. त्यात खोटं काही नव्हतं.

करिदिनाच्या दुपारी शेजारचा गैबीसाब टांगेवाला आला. दरसाल या दिवशी टांगा दाराशी उभा करून, नुसता घोडा घेऊन तो वळसंगला बहिणीकडं जायचा आणि दारूकाम उरकलं की दुसऱ्या दिवशी परतायचा. त्याच्या करड्या घोड्याला औट, म्हणजे दारूचा मोठा बार, वाजला की वेड लागायचं. यंदा दारू उडवणाऱ्यांमध्ये चढाओढ लागल्याची बातमी त्यानं आणली होती. एकाचे औट दुसऱ्यापेक्षा मोठे, अशी पैज असल्याचं तो ऐकून आला होता. वासरूही माझ्यासंगं दे, घोड्याच्या मागं सावकाश चालत नेतो, असं त्यानं आपण होऊन सांगितलं.

धोंडप्पानं मान हलवली. उपाशी वासरानं शीव ओलांडायची नसते. ओलांडली तर भाकणूक बाटते. गैबीसाबनं पुन्हा आग्रह केला नाही. दुसऱ्याच्या देवाच्या गोष्टीत किती बोलायचं हे त्याला कळत होतं. घोड्याला घेऊन तो गेला.

तसं बघितलं तर धोंडप्पाला फटाक्यांचं काही वावडं नव्हतं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसं बांधून पळवताना त्यांच्यापुढं लडी लावणारे हेच गवळी, आणि त्यांच्यात पुढं धोंडप्पा. पण म्हैस पाडव्याला पळते ती मोकळी पळते. वासरू त्या संध्याकाळी खुंट्याला बांधलेलं होतं, आणि पोटात काही नव्हतं.

दिवेलागणीला पहिला औट वाजला तेव्हा गोठ्याचे पत्रे थरथरले. मग सुरूच झालं. आकाशबाण वर जाऊन फुटायचे, तांबडा हिरवा उजेड कौलांवर पडायचा, लोकांचा हो करून ओरडा यायचा आणि मागोमाग औट. आधीच्या वर्षांपेक्षा किती तरी जास्त, आणि जवळ. तळ्याकाठच्या झाडांवरची बगळ्यांचे थवेच्या थवे उठून पेठेवरून अंधारात कुठंतरी ओरडत गेले. कुत्री हातगाड्यांखाली शिरली. कुंभाराच्या गाढवानं दावं तोडलं आणि ते थेट एका मेवावाल्याच्या गल्ल्यावर जाऊन आदळलं. मोंढ्याकडं एका टांग्याचं घोडं मैदानापासून उधळत आलं आणि रस्त्यावर घसरून दोन्ही गुडघे फोडून बसलं. हे धोंडप्पाला नंतर कळलं. त्या वेळी तो गोठ्यातून हलला नाही.

म्हशींनी धार दिली नाही. कासेला हात लावू देईनात. कपिली दावं ताणून वासराकडं बघत हंबरत होती. आणि वासरू... धोंडप्पानं त्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. त्याच्या हाताला वासराचं काळीज लागत होतं. प्रत्येक औटाला ते चारी पायांवर उडायचं, खुंट्याला हिसका बसायचा, गळ्याला दाव्याचा वळ उठला होता. अंग घामानं भिजलं. उपाशी पोटातून जे काही होतं ते सगळं पातळ होऊन बाहेर आलं. धोंडप्पा त्याच्या कानांवर हात दाबून बसला. माणसाच्या हातांत ते कान मावतात थोडेच. रत्नम्मानं गोणपाट आणून दोघांच्याही अंगावर टाकलं आणि तीही तिथंच, शेणात, बसून राहिली.

मग एका क्षणी वासरू उडायचं थांबलं. औट वाजतच होते, पण आता ते नुसतं उभं होतं. डोळे उघडे, कान पडलेले, आणि बघत कुठंच नव्हतं. धोंडप्पानं सोगा तोंडापुढं धरला. त्यानं हुंगलासुद्धा नाही. धोंडप्पाला त्या उडण्यापेक्षा हे उभं राहणं जास्त लागलं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही, कारण बघायला रत्नम्माशिवाय कोणी नव्हतं.

सकाळी मठापुढं गर्दी झाली. धोंडप्पानं वासराला ऊन पाण्यानं अंघोळ घातली होती, हळदकुंकू लावलं होतं, तरी ते पाय ओढत आलं. फरशीवर उभं राहिलं. पुढ्यातल्या जिनसांकडं त्यानं बघितलं नाही, पाण्याकडं बघितलं नाही.  मग रीतीप्रमाणं पुजाऱ्यानं घंटा वाजवली, आणि त्या एवढ्याशा घंटेनं वासराचं अंग जे कापायला लागलं ते थांबेना. कापत कापतच त्याचे पुढचे पाय दुमडले आणि ते खाली बसलं.

ईश्वरप्पांनी फार वेळ घेतला नाही. वर्ष धास्तीचं, आणि कोरडं. ज्यानं त्यानं आपापलं बघावं. एवढं सांगून त्यांनी अक्षता टाकल्या आणि लोक चपला शोधायला लागले.

धोंडप्पाचं डोकं त्या क्षणी फिरलं. त्याच्या पोटाशी रात्री ते कापत होतं, कशानं कापत होतं ते त्याला ठाऊक होतं, आणि ही माणसं त्याच्यावर दुष्काळाचं खापर फोडून मोकळी! वासराला कुणीच अशुभ म्हणालं नव्हतं, पण धोंडप्पाला तसंच ऐकू आलं. त्या दिवसापासून तो पेठेत घरोघर सांगत सुटला. रतीब घालताना सांगितलं, पानाच्या गादीवर सांगितलं, देवळाच्या पायरीवर सांगितलं. वासरू दारूला भ्यालं. देव काही बोलला नाही. वासरू दारूला भ्यालं, बाकी काही नाही.

गंमत अशी की त्याच्याशी कोणी भांडलं नाही. लोक म्हणायचे, व्हय, व्हय धोंडप्पा, औट लईच झाले औंदा. मान हलवायचे. आणि दुसऱ्या दिवशी आपली जनावरं सोडून वाटेला लावायचे.

कारण फाल्गुन लागायच्या आत गवळ्यांच्या आळीतून जनावरं निघाली. कोणी विकली, पण बहुतेकांनी श्रीपूरला धाडली. तिथं साखर कारखाना, पाटाचं पाणी, तोडणीच्या फडातून उसाचं वाढं वाटेल तेवढं. रत्नम्माचा भाऊ शिवयोगी तिथंच कारखान्यावर कामाला होता. त्यानं स्वतः निरोप धाडला होता की दाजींची जनावरं आणा, गोठा रिकामा आहे, वैरणीची काळजी नको.

एरवी असं गोठा रिकामा करणं म्हणजे गवळ्याची नाचक्की. रतीब तुटतो, गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जातं आणि लोक भित्रा म्हणतात. पण यंदा कोणी कोणाला भित्रा म्हटलं नाही. वासरानं सांगितलंय म्हटलं की गिऱ्हाईकही गप्प बसायचं, वर दुधाचं भांडं धुऊन परत द्यायचं.

एकट्या धोंडप्पानं जनावरं धाडली नाहीत.

रत्नम्मानं त्याला सांगून बघितलं. शिवयोगीचा निरोप आला त्या दिवशी सांगितलं, शेजारच्यांच्या म्हशी निघाल्या त्या दिवशी सांगितलं. विहिरीचा पोहरा आता लांब जातोय, दोर पुरत नाही, असं म्हणाली. आदल्या साली पाऊस झालाच कुठं, असंही म्हणाली. धोंडप्पा दर वेळी तेच उत्तर द्यायचा. तू होतीस ना तिथं? कशानं भ्यालं ते बघितलंस ना डोळ्यांनी? मग? पेठ येडी झाली म्हणून आपण व्हायचं? आणि रत्नम्माला कबूल करावं लागायचं की होय, तिनं बघितलं होतं, वासरू दारूलाच भ्यालं होतं. आणि ती पोहरा घेऊन विहिरीकडं जायची.

खरं सांगायचं तर त्याला एका गोष्टीचा अभिमानही होता. सगळी पेठ एका बाजूला आणि आपण एका बाजूला, आणि खरं आपल्याकडं. त्या वर्षी उन्हाळाभर तो मिशांना पीळ देत हिंडला. आळीतले रिकामे गोठे बघून हसायचा. त्यांचे रतीबही त्याच्याकडं आले होते.

वासरू हळूहळू सावरलं. खायला लागलं, सोगा चघळायला लागलं. फक्त भांडं पडलं किंवा दार आपटलं की जागच्या जागी थिजून उभं राहायचं. धोंडप्पा रत्नम्माला भांडी हळू ठेवायला सांगायचा.

मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरडी गेली. धोंडप्पा रोज संध्याकाळी पत्र्याखाली उभा राहून आभाळाकडं बघायचा आणि म्हणायचा की पुनर्वसूला येतोय बघ. पुनर्वसूला वारा आला. आषाढात विहिरीचा गाळ दिसला. श्रावणात कडबा सोन्याच्या भावानं मिळेनासा झाला आणि मग कुठल्याच भावानं मिळेना.

पहिली म्हैस त्यानं विकली तेव्हा तिच्या पाठीवर हात फिरवला. दुसरी विकली तेव्हा फिरवला नाही. तिसरीला गिऱ्हाईकच आलं नाही. तेव्हा त्यानं शिवयोगीला निरोप धाडला. शिवयोगी बिचारा स्वतः आला. पाटाला पाणी उरलं नव्हतं, ऊस वाळत होता, आणि होतं ते वाढं आधी आलेल्या जनावरांनाच पुरेना. नवीन जनावर घ्यायचं नाही असं तिथल्या लोकांनी ठरवलं होतं. तो दाजींच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. धोंडप्पानं त्याला चहा पाजला, एस.टी.वर नेऊन बसवलं आणि घरी आला.

राहिलेली जनावरं त्यानं शहराबाहेरच्या छावणीत नेली. तिथं सरकारी गवत मिळायचं, काड्याच जास्त. म्हैस पाण्याविना राहत नाही. ती आधी गेली. मग एक गाय, मग दुसरी. कपिलीचं दूध आटलं, वासराला पाजायला नव्हतंच काही, आणि वासरू वाढायच्या दिवसांत उलट आक्रसत गेलं. गैबीसाब आपल्या घोड्याच्या वाटणीतला मूठभर हरभरा कागदात बांधून आणून द्यायचा. त्याच्याही घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. धोंडप्पानं तो हरभरा ओल्या हातावर घेऊन वासराला चारला. ते चाटायचं, गिळायला त्याला कष्ट पडायचे.

भाद्रपदात एका सकाळी तो छावणीत गेला तर वासरू आडवं होतं. कपिली त्याच्याजवळ उभी होती आणि रवंथ करत होती, तोंडात काही नसताना. छावणीतल्या माणसांनी गाडा आणायला सांगितलं. धोंडप्पानं गाडा आणला नाही, उचलून खांद्यावर घेतलं. भुसा भरलेलं पोतं जेवढं असतं तेवढंच वजन होतं. खड्ड्यापर्यंत नेलं, ठेवलं, हात झाडले. रडू यायला हवं असं त्याला वाटलं. तो थोडा वेळ थांबलादेखील. आलं नाही. पुढच्या आठवड्यात कपिली गेली तेव्हा तो थांबला नाही.

नंतर नवराबायको दोघं खडी फोडायला जायला लागले. अख्खं शहर आणि खेडी रस्त्याच्या कामावर बसलेली, त्यात दोन माणसं. दुपारी कामावर सरकारी सुकडीचा कोरडा खाऊ मिळायचा, घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. धोंडप्पाच्या मिशा दगडाच्या धुळीनं पांढऱ्या झाल्या आणि त्यानं त्या काढून टाकल्या. का काढल्या म्हणून कोणी विचारलं नाही. तो फारसं बोलेनासा झाला. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा. रत्नम्मा कधी कधी मुद्दाम भांडं आपटून बघायची. तो मान वर करायचा नाही.

पण आत त्याचं एक चालू होतं. हातोडा दगडावर पडायचा आणि प्रत्येक घावाला त्याला तेच वाटायचं. देव बोलला होता. त्याच्या गोठ्यातल्या, त्याच्या हातातल्या वासराच्या तोंडून बोलला होता, आणि त्यानं घरोघर फिरून देवाला खोटं पाडलं होतं. सगळ्या पेठेनं ऐकलं, त्यांची जनावरं वाचली. ज्याच्या घरचं वासरू त्यानंच ऐकलं नाही, त्याला शिक्षा झाली. हिशेब सरळ होता. एकदा हे मनाशी पक्कं झालं तेव्हा त्याला बरंही वाटलं. शिक्षा झाली म्हणजे निदान कोणीतरी केली. दुपारच्या सुट्टीत बाकीचे पाऊस का पडला नाही यावर तावातावानं बोलत असायचे, तेव्हा तो एका बाजूला बसून सुकडी खायचा. त्याला कारण ठाऊक होतं.

संक्रांत जवळ आली तसे ईश्वरप्पा एका दुपारी घरी आले. कामाला त्या दिवशी सुट्टी होती. धोंडप्पा ओट्यावर बसला होता. रत्नम्मानं आत चुलीवर चहा ठेवला, गुळाचा, बिनदुधाचा. गवळ्याच्या घरी बिनदुधाचा चहा देताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ईश्वरप्पा इकडचं तिकडचं बोलले. श्रीपूरला जाऊन आल्याचं त्यांनी सांगितलं. आळीतली जनावरं हाडाचे सापळे झालीत, पण उभी आहेत. मग मुद्द्यावर आले. यंदा भाकणुकीला वासरू दुसऱ्या घरचं घ्यायचं, पण दावं धोंडप्पाच्याच हातात राहील. मान त्याच्या घरचा, तो हलवायचा नाही, असं पेठेनं ठरवलं होतं.

धोंडप्पा जमिनीकडं बघत होता. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज निघाला.

"मला नगा सांगू अण्णा. म्या देवाला खोटं पाडलं. वासरू खरं बोललं व्हतं, आन म्या घरोघर जाऊन सांगितलं की ते दारूला भ्यालंय."

ईश्वरप्पांनी कपबशी खाली ठेवली. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"आरं, ते दारूलाच भ्यालतं की. ते सगळ्यांस्नी ठाऊक व्हतं. त्या सांजंला आमच्या घरची मांजर माळ्यावर चडली ती दोन दिस उतरली न्हाय. तू सांगायला आलास तवा म्या न्हाय म्हनलो व्हय?"

धोंडप्पानं मान वर केली. "मग तुमी सगळ्यांनी जनावरं का धाडली?"

"इहिरी बगून धाडली, धोंडप्पा." ईश्वरप्पा हलकेच बोलले. "संक्रांतीलाच पानी तळाकडं चाललेलं. वासरू बसलं ते बरं झालं, बोलायला नाव मिळालं. न्हायतर कुटला गवळी पयला गोठा सोडून निगाला असता?"

 ईश्वरप्पा अजून थोडा वेळ बसले. दावं धरशील ना, असं त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानं हो म्हटलं. कशाला हो म्हटलं ते त्याचं त्याला कळलं नाही, पण म्हटलं. ईश्वरप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. माणूस भला होता, आणि आपण काय काढून घेतलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं.

धोंडप्पा तिथंच बसून राहिला. महिनोन्‌महिने त्यानं उराशी धरलेली शिक्षा कोणी केलेलीच नव्हती. देव त्याच्यावर रागावला नव्हता. त्याच्याकडं देवाचं लक्षच नव्हतं. वासरू पावसाबद्दल काहीच बोललं नव्हतं, पडणार नाही म्हणून नाही आणि पडणार म्हणूनही नाही. ते भ्यालं होतं, एवढंच. सगळी पेठ वासराच्या नावाखाली विहिरीत वाकून बघत होती, आणि वासराकडं बघत बसला होता तो एकटा. भाकणूक कोणी खरी मानली असेल तर त्यानंच. फक्त उलटी मानली.

रत्नम्मा कपबश्या उचलायला बाहेर आली.

"तुलाबी ठाऊक व्हतं?" त्यानं विचारलं.

ती उंबऱ्यात थांबली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, पण तिच्याकडंही तो उरला नव्हता.

"म्या इहिरीचंच बोलत व्हते," ती म्हणाली. "तुमी दर बारीला वासराचं बोलला."

ती कपबश्या घेऊन आत गेली. उन्हं ओट्यावरून खाली उतरली. बोळातून कोणीतरी सायकलवरून गेलं, त्यानं नमस्कार घातला, धोंडप्पानंही घातला. मग धारेची वेळ झाली तसा तो सवयीनं उठला. उठल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो परत खाली बसला.